रोबो म्हणजे लांबवलेला हात

‘बॉम्ब रोबोच शोधतो, लाल वायरही तोच कापतो, बॉम्बनाशक पथकातल्या माणसांची गरज संपली, उद्या दहशतवाद्याला मारायचं की नाही हेही रोबोच ठरवेल.’ असा संदेश सध्या जोरात फिरतोय.

शोधण्याचं आधी. बेवारस पिशवीचा संशय येतो तो माणसाला, नाहीतर स्फोटकांचा वास ओळखणाऱ्या कुत्र्याला. रोबो त्यानंतर निघतो, तोही रिमोटवर. लांब आडोशाला बसलेला ऑपरेटर कॅमेऱ्यातून बघत त्याचे पट्टे आणि यांत्रिक हात हलवतो.

लाल वायर ही सिनेमाची देणगी. बॉम्ब बनवणारा रंगांचे नियम कशाला पाळेल? रोबोवर बहुधा डिसरप्टर नावाची नळी असते. काडतुसाच्या जोरावर ती पाण्याचा झोत मारते. झोत इतका वेगवान असतो, की सर्किटने डिटोनेटर (मुख्य स्फोट सुरू करणारी छोटी नळी) पेटवण्याआधी बॅटरी एकीकडे आणि वायरी दुसरीकडे उडतात. पण नेम कुठे धरायचा, हे एक्स-रे बघून माणूस ठरवतो. नेम चुकला तर स्फोट होऊ शकतो.

मग माणसाची गरज संपली का? १९७२ मध्ये ब्रिटिश लष्करातल्या पीटर मिलर यांनी उत्तर आयर्लंडमधल्या कार-बॉम्बसाठी विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा वापरला. संशयित गाडी दुरून ओढून न्यावी, एवढीच मूळ कल्पना. यंत्राचं नावही ‘व्हीलबॅरो’, म्हणजे ढकलगाडीच पडलं. तेव्हापासून हिशेब तोच आहे: उडालं तर लोखंड उडू दे. हा फायदा फार मोठा आहे, तो नाकारायचं कारणच नाही. पण अडचणी बघा. रिमोटने बॉम्ब उडवता येऊ नये म्हणून पथक जॅमर लावतं, आणि तोच जॅमर रोबोचाही सिग्नल गिळू शकतो. म्हणून काही रोबो मागे फायबरची केबल सोडत जातात; ती दारात अडकते, चाकाखाली येते. अरुंद जागा, अंगाला बांधलेला बॉम्ब, तिथे यांत्रिक हात तोकडा पडतो. अशा वेळी कुणीतरी ३०-३५ किलोंचा स्फोटापासून वाचवणारा सूट चढवून चालत जातो. त्या सूटमध्ये हाताचे पंजे सहसा उघडेच असतात, कारण बोटांना स्पर्श कळायला हवा.

राहिलं ठरवून मारणं. जुलै २०१६ मध्ये डॅलसमध्ये पाच पोलिसांना ठार करणाऱ्या बंदूकधाऱ्याला पोलिसांनी बॉम्बनाशक रोबोच्या हातात स्फोटकं देऊन मारलं. अमेरिकी पोलिसांनी रोबोने माणूस मारल्याची ती पहिली घटना मानली जाते. त्यातही हुकूम अधिकाऱ्यांचा आणि रिमोट पोलिसांच्या हातात. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरअखेर सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकप्रतिनिधींनी टोकाच्या प्रसंगी अशा वापराला परवानगी दिली. तिथेही विषय स्फोटकं वाहून नेणाऱ्या, माणसाने चालवायच्या यंत्राचाच होता. लोक चिडले, निदर्शनं झाली, आणि आठवडाभरात तो निर्णय फिरवावा लागला.