ओला, सुका आणि मी

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि लेक माझ्या खुर्चीवर, लॅपटॉपवर आणि डोक्यावर एकदमच बसायला लागली होती, त्यामुळे जवळच्याच हॉलमध्ये मुलांसाठी पर्यावरणपूरक राहणीचं १० दिवसांचं शिबिर आहे म्हटल्यावर मी फॉर्म न वाचता सही ठोकली. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, घरचे प्रयोग पालकांनी सोबत करायचे आहेत. हे मला बायकोने वाचून दाखवलं, सही झाल्यावर, आणि फार आनंदाने.

पहिल्या दिवशी पोरगी घरी आली ती इन्स्पेक्टर होऊनच. रिकाम्या खोलीत पंखा चालू, टीव्ही नुसता रिमोटने बंद केलेला, ब्रश करताना नळ वाहतोय, सगळ्याची वहीत नोंद. वहीत माझ्या नावाचं स्वतंत्र पान होतं. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे प्लॅस्टिकचे डबे उलटे करून तळाचा त्रिकोण शोधणं. त्यातला १ ते ७ आकडा नुसता प्लॅस्टिकची जात सांगतो, ते रिसायकल होईलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं, तोवर मी बाण दिसले की पुण्य लागल्यासारखा डबा टाकत आलो होतो. असो. एका डब्याचं झाकण सैल होतं आणि आत डिटर्जंट होता.

पण हे सगळं किरकोळ. तिसऱ्या दिवशी खताचा डबा घरी आला.

बुडाला आणि बाजूंना भोकं पाडलेली एक बादली, खाली ताट. शिबिरातल्या ताईंचा हिशोब सोपा होता, ओला कचरा एक भाग, सुका दोन-तीन भाग, कारण जिवाणूंना एका नायट्रोजनमागे साधारण ३० पट कार्बन लागतो, नायट्रोजन जास्त करून ओल्यात आणि कार्बन सुक्यात. आमच्याकडे ओला भरपूर. सुका म्हणजे पालापाचोळा नाहीतर पुठ्ठा, तो कुठून आणणार? मी म्हटलं चालतंय की, जिवाणू काय मोजायला बसलेत का. बसलेले असतात. पाचव्या दिवशी बाल्कनीचं दार उघडलं आणि नाकातून थेट डोळ्यांत पाणी. लेकीने डब्यात नाक घालून शांतपणे निदान केलं, "अमोनियाचा वास आहे बाबा, तू सुका कमी टाकलास." नोंद. माझं पान भरलं, पुरवणी जोडली.

मग चिलटं आली. मग एक दिवस झाकण उघडलं तर आतला माल आपसूकच हलत होता. मी झाकण टाकून घरात. ताईंना फोन केला तर त्या अभिनंदन करतात तशा म्हणाल्या, अहो या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, कचरा भराभर संपवतात, माशी झाल्यावर चावत पण नाही, राहू द्या. राहू दिल्या. घरात माझ्यापेक्षा जास्त काम करणारं कोणीतरी आहे हे बायको पाहुण्यांना मुद्दाम दाखवायची.

आठव्या दिवशी शिबिरातल्या मोठ्या ढिगात लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून दाखवला, ५८ अंश सेल्सिअस! जिवाणू खातात आणि त्याची उष्णता होते. आमच्या बादलीत एवढा ढीगच नसतो, उष्णता टिकत नाही, पण हे लेकीला पटलं नाही, ती दोन दिवस खिन्न होती, आपलं खत आजारी आहे म्हणून. मला तेव्हा सर्दी झालेली, अंग कसकसत होतं, कपाटातला थर्मामीटर काढून जिभेखाली ठेवला आणि सोफ्यावर पडलो. लेक चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तो खताचा आहे."

त्यानंतरच्या १५ मिनिटांत बेसिनचा नळ सतत वाहत होता. त्याचीही नोंद झाली.

शिबिर संपलं. लेकीला सर्टिफिकेट मिळालं, दुसऱ्या दिवसापासून ती स्केटिंगला जायला लागली, वही कुठेतरी पलंगाखाली गेली. बादली मात्र माझ्याकडे. टाकून देईन म्हटलं, पण आत एवढे जीव राबतायत, टाकायचं तरी कुठे? आणि खरं सांगू, दीडेक महिन्यानंतर वास बदलला, पहिल्या पावसात मातीला येतो तसा, आणि मी जरा बिघडलोच. आता येता-जाता माझी नजर फक्त पुठ्ठ्यावर असते.

परवा रात्री साडेअकराला बाल्कनीत बसून ओलावा तपासत होतो. मूठभर खत घेऊन घट्ट दाबायचं, पिळलेल्या स्पंजसारखं लागलं पाहिजे, एखाददुसरा थेंब ठीक. चार पडले. म्हणजे अजून सुका हवा, आतून एक बॉक्स आणला, बारीक बारीक फाडून कालवला, पुन्हा मूठ दाबली. एकच थेंब! तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "अरे, ते बूट लहान होतायत, उद्या परत न्यायला माणूस येणारे, त्यांचा बॉक्स बघितलास का कुठे?"

मी मूठ उघडली नाही.