शेरीफ एफबीआयला काउंटीतून हाकलू शकतो?

अमेरिकेत हा दावा वर्षानुवर्षं हातोहात फिरतोय: काउंटीचा (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, लोकांनी निवडून दिलेला, म्हणून आपल्या हद्दीत तोच सर्वांत मोठा. त्याला न विचारता एफबीआयने, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेने, तिथे पाऊल ठेवायचं नाही. ठेवलंच तर तो त्यांना बेड्या घालू शकतो. हा मान त्याला राज्यघटनेने दिलाय आणि १९९७ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलंय.

घटनेचं आधी. अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘शेरीफ’ हा शब्दच नाही. पद मूळचं इंग्लंडचं. अमेरिकेत ते त्या त्या राज्याच्या घटनेवर आणि कायद्यांवर उभं आहे. कनेक्टिकटच्या मतदारांनी तर २००० साली काउंटी शेरीफ बरखास्तच केले. देशाच्या घटनेने दिलेलं पद एका राज्याला असं मोडीत काढता आलं असतं का? (इंग्रजांनी मुंबईलाही शेरीफ दिला, आपले नगरपाल. सुनील गावसकरही त्या खुर्चीत बसून गेले. मान मोठा, पण कुणाला अटक करायची सोय नाही.) उलट घटनेचं सहावं कलम केंद्राचे घटनेला धरून केलेले कायदे सर्वोच्च मानतं आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांनाही त्या घटनेची शपथ घ्यायला लावतं.

सगळी भिस्त आहे ती १९९७ च्या निकालावर. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने हँडगन घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचं काम स्थानिक पोलीसप्रमुखांच्या गळ्यात घातलं. मॉन्टानाचे जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचे रिचर्ड मॅक हे दोन शेरीफ कोर्टात गेले आणि ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले. न्यायमूर्ती स्कालियांच्या निकालाचं सार एवढंच, की केंद्राला राज्याच्या माणसांना आपल्या कामाला जुंपता येणार नाही. म्हणजे शेरीफने हात आखडता घ्यावा, खुशाल. केंद्राचा माणूस स्वतः कामाला आला तर त्याचा हात धरावा, असं त्यात एका ओळीतही नाही. झालंही तसंच: नोव्हेंबर १९९८ मध्ये एफबीआयने स्वतःची तपासणी यंत्रणा सुरू केली आणि आज बऱ्याच राज्यांत बंदूकविक्रेता थेट एफबीआयकडेच विचारणा करतो. शेरीफला कुणी विचारतही नाही.

बेड्या घालण्याचा प्रयोग मात्र खरोखर झालाय. १४ ऑगस्ट १८८९, कॅलिफोर्नियातलं लॅथ्रॉप स्टेशन. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फील्ड गाडीतून उतरून न्याहारीला बसले होते. जुनं वैर असलेल्या डेव्हिड टेरीने मागून येऊन त्यांना मारलं. फील्ड यांच्या रक्षणासाठी नेमलेला केंद्राचा डेप्युटी मार्शल (केंद्रीय कोर्टांचा पोलीस अधिकारी) नीगल याने टेरीला जागीच गोळी घातली. नीगलला खुनाच्या आरोपाखाली स्टॉकटनच्या तुरुंगात टाकलं. केंद्रीय कोर्टाने त्याला सोडलं, तर त्याला कोठडीत ठेवणारे शेरीफ कनिंगहॅम अपिलात गेले आणि १८९० मध्ये सुप्रीम कोर्टात हरले.

‘निवडून आलेला’ या मुद्द्याला ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे माजी शेरीफ जो अर्पायो पुरेत. सहा वेळा निवडून आले. पण केंद्रीय कोर्टाचा आदेश धुडकावला म्हणून २०१७ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले. सुटले ते राष्ट्राध्यक्षांच्या माफीमुळे.

केंद्राच्या एजंटला सगळं माफ आहे, असं मात्र नाही. कर्तव्याची मर्यादा ओलांडून त्याने गुन्हा केला, तर राज्य त्याच्यावर खटला भरू शकतं. पण मर्यादा ओलांडली की नाही, हे शेवटी कोर्ट ठरवतं, आणि तो खटला केंद्रीय कोर्टात हलवून घ्यायची मुभा एजंटला कायद्यानेच आहे.