नऊ हजारांत घरचं थिएटर? आधी टेप लावा

क्रिकेटचा मोसम आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: “टीव्ही कशाला? नऊ हजारांचा प्रोजेक्टर घ्या. 12,000 लुमेन, फोर-के, 300 इंची चित्र. कुठेही ठेवा!” यातली किंमत तेवढी मान्य. बाकीचं तपासू.

आधी 300 इंच, कारण त्याला टेपच पुरते. हे माप कर्णाचं. 16:9 चित्राचा कर्ण 300 इंच असेल तर रुंदी जवळजवळ 22 फूट आणि उंची सव्वाबारा फूट होते. फ्लॅटचं छत असतं साडेनऊ-दहा फुटांवर. वरचा भाग वरच्या मजल्यावरच्यांनी बघायचा का? शिवाय अशा प्रोजेक्टरांचा थ्रो रेशो साधारण 1.2 ते 1.4 असतो. चित्राच्या रुंदीला या आकड्याने गुणलं की लेन्स भिंतीपासून किती लांब हवी ते कळतं. इथे ते अंतर निदान 26 फूट निघतं. 100 इंची चित्राला मात्र रुंदी सव्वासात फूट आणि अंतर पावणेनऊ फुटांपासून पुढे. एवढं बऱ्याच हॉलमध्ये बसतं.

आता 12,000 लुमेन. लुमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप. खोक्याच्या मागे किंवा अडॅप्टरवर वॅटचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. समजा 60 वॅट आहे. चांगला एलईडी वॅटमागे 150 लुमेन देतो असं उदारपणे धरलं तरी मूळ प्रकाशच 9,000 भरतो. पुढे पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेने कंपणारा ठेवणारी गाळणी) निम्मा गिळतो, चित्र बनवणाऱ्या एलसीडी पॅनलचे रंगीत फिल्टर उरलेल्यातला जेमतेम तिसरा हिस्सा सोडतात, आणि लेन्सची गळती वेगळीच. म्हणजे 12,000 हा आकडा पडद्यावरचा असूच शकत नाही. विचारायचे ते अँसी किंवा आयएसओ लुमेन, म्हणजे या मानक संस्थांच्या पद्धतीने मोजलेले. ते बाहेर पडलेल्या चित्रावर ठिकठिकाणी मोजून काढतात. या किमतीत खरा आकडा दोन-तीनशेच्या आसपास असला तरी नशीब समजा.

200 अँसी लुमेन 100 इंची चित्रावर, म्हणजे सुमारे 30 चौरस फुटांवर पसरले की साध्या पांढऱ्या पडद्यावर सातेक फूट-लॅम्बर्ट (पडदा किती उजळ दिसतो त्याचं एकक) उजेड मिळतो. चित्रपटगृहाचा मानक आकडा 14 आहे, तोही काळोख्या सभागृहात. चित्र 80 इंचांवर आणलं तर हेच सात दहाच्या पुढे जातात. रात्री, दिवे घालवून, एवढ्यात सिनेमा मजेत बघता येतो, हे फॉरवर्डवाल्यांनाही द्यायला हवं. पण दुपारच्या मॅचला? काळा रंग प्रोजेक्टर तयार करत नाही, तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही. खिडकीतून उजेड आला की भिंत जितकी उजळ दिसते, तितकाच चित्रातला काळाही उजळ.

फोर-केचं थोडक्यात. ‘सपोर्ट’ म्हणजे तसा व्हिडिओ आत घेतो, एवढंच. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ची, म्हणजे पॅनलवर खरे पिक्सेल किती याची, ओळ शोधा, तिथे बहुधा 1280×720 किंवा 1920×1080 निघतं. दुसरं असेल तरी फोर-केच्या पाव पिक्सेल.

राहिलं ‘कुठेही ठेवा’. तिरकं ठेवून कीस्टोनने, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सरळ करायच्या सोयीने, चित्र चौकोनी करता येतं खरं, पण ते डिजिटल असेल तर पॅनलच्या कडेचे पिक्सेल बंद ठेवून. तपशील आणि उजेड दोन्ही घटतात, आणि चित्राभोवती राखाडी पट्टा दिसत राहतो. म्हणून लेन्स चित्राच्या उभ्या मध्यरेषेवर आणि प्रोजेक्टर भिंतीला काटकोनात हवा. चित्र लेन्सच्या किती वर किंवा खाली पडतं तो ऑफसेटही माहितीपत्रकात बघा. पंखा नेमका त्याच मध्यरेषेवर असेल तर छतावर ब्रॅकेट ठोकण्याआधी प्रोजेक्टर शिडीवर ठेवून, पंखा चालू करून, एकदा चित्र पाडून बघा.