गावलं काय?

माझी छत्री गेली. बटण दाबलं की फाडकन उघडणारी, साडेचारशे रुपयांची, दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत घासाघीस करून घेतलेली. चोरीला गेली नाही, बसमध्येही राहिली नाही. कुणाकडे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. फक्त त्याचं नाव आणि गाव विचारायचं राहून गेलं.

मूळ दोष मेहुण्याचा. तो स्कॉटलंडात असतो. ऑक्टोबर लागला की त्याचे फोटो सुरू होतात. छातीपर्यंत रबरी विजार, वरून पाऊस, आणि बारशाला बाळ दाखवावं तसा दोन्ही हातांवर धरलेला साल्मन मासा. यंदा फोटोखाली एक ओळही होती, "तुमच्याकडंही नद्या आहेत की!" हा मनुष्य अनगोळात वाढला. विहिरीत उतरायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. ती ओळ मला झोंबली. रविवारी सकाळी घडीची काठी, गळ आणि गांडुळं भरलेला श्रीखंडाचा डबा घेऊन मी 25 किलोमीटरवर खानापूरला मलप्रभेच्या काठी जाऊन बसलो.

परतीचा पाऊस लागला होता. हा पाऊस मला मुळीच आवडत नाही. जूनचा पाऊस निदान पाहुण्यासारखा येतो. हा म्हणजे चप्पल घालून झाल्यावर दारात उभं राहून आणखी तासभर बोलणारा.

त्यात आपल्याकडं गळ टाकून बसलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. पुलावरून जाणारा प्रत्येक जण गाडी थांबवून ओरडतो, "गावलं काय?" एकानं "सिक्तेन्री?" म्हणून कन्नडमध्ये विचारलं. पहिल्या तासात अकरा जणांनी विचारलं. मासा एकही फिरकला नाही. फिरकेल कसा? एवढ्या आरोळ्या ऐकून मीच उठून जाणार होतो.

बारावे मामा. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, पंचाहत्तरीच्या पुढचं वय, कानात विझलेली बिडी. त्यांनी ओरडून विचारलं नाही. खाली उतरून आले, डब्यातली गांडुळं बोटानं उलटीपालटी केली, मग म्हणाले, "जरा आडोसा द्या, काडी पेटंना."

छत्री मी मान आणि खांद्याच्या मध्ये धरली होती. आधी त्यांचे हात आत आले, मग डोकं, मग पोत्यासकट सगळे मामा. ओल्या पोत्याचं पाणी माझ्या कॉलरमधून आत. बिडी पेटल्यावर म्हणाले, "द्या ती हिकडं. तुमचं दोन्ही हात गुंतल्यात." मला वाटलं, काय सज्जन माणूस! दिली.

आणि तिथं घोटाळा झाला. मामांना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नव्हतं, आणि हातवाऱ्याच्या हातात छत्री होती.

"कसलं मासं धरालासा?"

मी मेहुण्याची कथा सांगितली. साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो, आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत येतो. वासावरून आपली नदी ओळखतो.

"समुद्र कुठला म्हणायचा?" म्हणत मामांनी छत्री गोव्याच्या दिशेला केली. मी भिजलो.

"हिकडं नाही मामा. आपल्या नदीचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं."

"व्हय व्हय," म्हणत छत्री पूर्वेला. मी दुसऱ्या बाजूनं भिजलो. "म्हंजे त्यो मासा हितं यायचा तर नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, आणि शेवटाला आपलं नविलुतीर्थ. एवढी धरणं चढून आला तर त्याला गळ लावू नये ओ, हार घालावा."

मग मी सांगितलं की नदीत शिरल्यावर साल्मन काही खात नाही.

"मग गळाला कशाला तोंड लावतोय?"

"चिडून लावत असावा, म्हणतात."

"भाऊबंदासारखं. सोताला खायचं न्हाई, पर दुसऱ्याचं बघवत न्हाई." इथं त्यांनी छत्रीनं पलीकडच्या काठावरचं कुणाचं तरी शेत दाखवलं. माझा चष्मा धुऊन निघाला.

स्कॉटलंडात रविवारी साल्मन धरायला बंदी आहे, हे त्यांना पटलं. "आमी सोमवार पाळतोय, ती ऐतवार पाळत्यात." 1922 च्या ऑक्टोबरात जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईनं टे नदीत 29 किलोचा साल्मन काढला, तो विक्रम ब्रिटनमध्ये अजून मोडलेला नाही, हेही त्यांनी मान डोलावून ऐकलं. पण तिथं पैसे भरून परवाना काढतात, दिवसभर थंडीत उभं राहून मासा धरतात आणि पुष्कळदा पाण्यात परत सोडतात, असं म्हटल्यावर त्यांनी बिडी खाली टाकली.

"पैसं भरून?"

"हो."

"आनि सोडत्यात?"

"हो."

ते बराच वेळ पाण्याकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "पर आपल्या गावात परत येतंय म्हनायचं. बरं हाय त्याचं. मी हितंच हाय बघा, हललो न्हाई. जल्मलो तवा मुंबई राज्य, मग म्हैसूर, मग कर्नाटक. मासा असतो तर चुकलोच असतो."

मला हसू आलं आणि आलंही नाही. आमच्याकडं असलं बोलणं सीमाप्रश्नावर घसरतं, 1956 पर्यंत मागं जातं, महाजन आयोगापाशी भांडण होतं आणि महाराष्ट्राच्या 2004 च्या दाव्याची तारीख कधी, यावर चहा थंड होतो. मी गप्प राहिलो. तरी म्हटलं, "मामा, तासभर झाला, काहीच लागत नाही."

"तासात कट्टाळलासा?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात वर कुणीतरी हाक मारली. मामांचं भात आडवं झालं होतं. कापणीला आलेलं पीक, चार दिवस पाण्यात. खरं तर ते बघवत नव्हतं म्हणूनच ते नदीवर आले असावेत. "आलोच," म्हणून उठले. "गावलं की हाक मारा." आणि डोक्यावर खोळ, खोळीवर माझी छत्री, असे बांधावरून निघून गेले. दुहेरी बंदोबस्त. मला ओरडायला हवं होतं. पण आडव्या भाताकडं निघालेल्या माणसाला छत्री मागायची कशी? आणि न मागता राहायचं तरी कसं? साडेचारशे रुपये!

मग गळ जड झाला. काठी वाकली, काळजाचा ठोका चुकला. ओढून काढलं तर निर्माल्याची पिशवी, गाठ मारलेली, आत कुजलेल्या झेंडूबरोबर दारूची बाटलीसुद्धा. नदीची ओटी भरायची आणि तिच्याच पोटात प्लास्टिक कोंबायचं. वासावरून नदी ओळखणारा मासा इथं आलाच तर वास घेऊन तसाच समुद्राला परत जाईल. पिशवी टाकायला काठावर डबा नव्हता. ती मी स्कूटरच्या हुकाला अडकवून बेळगावपर्यंत आणली. वाटेत देसूरला सिग्नल नसताना एकानं गाडी शेजारी घेतली आणि पिशवीकडं बघून विचारलं, "गावलं काय?"

घरी बायकोनं दार उघडलं. मी नखशिखांत ओला.

"मासे?"

"सोडून दिले," मी म्हटलं. "तिकडं तशीच पद्धत आहे."

"बरं," ती म्हणाली. "आणि छत्री?"