‘जगातलं सर्वांत स्वस्त नेट’ वापरणाऱ्यांनी तक्रार का करायची? खानापुरातून उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज आमच्या भागातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. बेळगावच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, निपाणीच्या पाहुण्यांनी पाठवला, शेवटी आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. थोडक्यात मजकूर असा: भारतात जगातलं सर्वांत स्वस्त इंटरनेट मिळतं, तरी लोक रडतात. रोजची डेटा मर्यादा टॉवरवरचा ताण कमी करण्यासाठी असते. दिवसभर रील्स बघणाऱ्यांचाच डेटा संपतो. जंगलात राहून शहरासारखी रेंज मागणं हा हट्ट आहे. पटत नसेल तर पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. आणि कस्टमर केअरशी नीट बोललं की काम होतं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान चालवतो. रिचार्जही मारतो, त्यावर कमिशन मिळतं. म्हणजे या धंद्यात माझंही पोट आहे. तरीही हा मेसेज वाचून मी दोन रात्री अस्वस्थ होतो, कारण ज्यांना तो शिकवायला निघालाय ती माणसं रोज माझ्या काउंटरसमोर उभी असतात.

नेट स्वस्त आहे

एका जीबीचा दर काढला तर स्वस्त आहे, यात वाद नाही. 2016 च्या आधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजलेले मलाही आठवतात. पण आपल्याला जीबीवर नेट कोण विकतं? भाजीसारखं पाव किलो घेता येतं का? आपल्याला पॅक घ्यावा लागतो. साधारण तीनशे रुपये, 28 दिवस, रोज दीड जीबी. कागदावर हे 42 जीबी होतात, म्हणजे जीबीला सात रुपये. मेसेज लिहिणाऱ्यानं हाच हिशेब केलाय.

आता माझ्या काउंटरवरचा हिशेब बघा. जांबोटीकडच्या एका गावातली एक मावशी दर महिन्याला माझ्याकडे येते. तिच्या फोनवर दिवसाला तीनशे एमबी जळाले तरी खूप. नातवाचे फोटो बघते, लेकीला व्हिडिओ कॉल करते, तोही रेंज असली तर. 28 दिवसांत साडेआठ जीबीसुद्धा होत नाहीत. उरलेले तेहेतीस जीबी रोज रात्री बारा वाजता थोडेथोडे करून बाद होतात. तिला पडलेला खरा दर जीबीला पस्तीस रुपयांच्या वर जातो. न वापरलेला डेटा उद्यासाठी ठेवता येत नाही, आणि पैसे तर आधीच घेतलेले असतात.

शिवाय 28 दिवस. वर्षाचे 365 दिवस भागिले 28 करा, तेरा रिचार्ज होतात. महिन्याचा पॅक म्हणून विकलेल्या वस्तूचे वर्षात तेरा हप्ते. या तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 च्या जानेवारीत ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, आदेश काढला: प्रत्येक कंपनीनं 30 दिवसांचा निदान एक पॅक ठेवायचा, आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असाही एक. म्हणजे तक्रार खोटी नव्हती, हे नियामकानंच मान्य केलं.

मावशीला नेट नकोच असेल तर? हा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत जवळचा आहे. आमच्या कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रुपये बायकांच्या खात्यात येतात. पैसे जमा झाल्याचा मेसेज फोनवर येतो. रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग बंद पडतं, काही दिवसांनी इनकमिंगही. मग मेसेज नाही, ओटीपी नाही, आणि ती बाई बँकेत निव्वळ चौकशीसाठी हेलपाटा घालते. ‘ओ दादा, पैसे आलेत काय बघा की जरा,’ असं म्हणत फोन पुढं करणाऱ्या बायका मी रोज बघतो. त्यांना इनकमिंग चालू ठेवायचं असतं, आणि त्यासाठी त्यांच्या गळ्यात दीड जीबी मारला जातो.

2024 च्या डिसेंबरमध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले. ते आता आहेत. 84 दिवसांचा साधारण साडेचारशेला पडतो, म्हणजे महिन्याला दीडशे, अर्धा खर्च. पण माझ्या रिचार्जच्या ॲपमध्ये तो शोधायला बोट दुखेपर्यंत खाली सरकवावं लागतं. वितरकाच्या माणसानं आजवर मला एकदाही त्याबद्दल सांगितलं नाही. मी हल्ली स्वतःहून विचारतो, ‘मावशी, नेट पाहिजे की नुसतं फोन?’ दहातल्या तीन-चार जणी म्हणतात, नुसतं फोन.

मर्यादा टॉवरच्या भल्यासाठी आहे, हे

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि एकाच वेळी फार लोक तुटून पडले की सगळ्यांचंच नेट रेंगाळतं, हे खरं आहे. पण गर्दी होते ती संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर. पहाटे तीन वाजता टॉवर मोकळाच असतो. मर्यादा जर गर्दीसाठी असती तर गर्दीच्या वेळेला असती. इथं पहाटेचा एक एमबी आणि रात्री नऊचा एक एमबी सारखाच मोजला जातो.

दुसरं, डेटा संपल्याचा मेसेज येतो त्याच्या पाठोपाठ बूस्टर पॅकची जाहिरात येते. वीसेक रुपये भरा, एक जीबी घ्या, आत्ता लगेच. मी वीस रुपये भरले म्हणून टॉवरवरचा ताण कमी झाला का? टॉवर तोच, वेळ तीच. पॅकमध्ये सात रुपयांना पडलेला जीबी बाहेर वीस रुपयांना मिळतो, एवढाच फरक. याला ताणाचं नाव देऊ नका, विक्रीची युक्ती म्हणा.

आणि ‘अनलिमिटेड’ हा शब्द. जाहिरातीत तो ठळक असतो आणि शेजारी तीळभर चांदणी. त्या चांदणीचा अर्थ असा की दिवसाचा कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. हा वेग काय चीज आहे ते समजून घ्या. सातबाऱ्यासारखा आमचा इकडचा आरटीसी उतारा स्कॅन करून पाठवला तर फाइल दोन एमबीची होते असं धरा. 64 केबीपीएसवर ती उतरायला अडीचशे सेकंद लागतात, चार मिनिटांहून जास्त, तेही मध्ये तुटलं नाही तर. सरकारनं 2023 च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या बदलून कमीत कमी वेग दोन एमबीपीएस ठरवला. त्याच्या तीसाव्या हिश्श्याइतकाही हा वेग भरत नाही. चालू नेटला बंद म्हणता येऊ नये एवढ्यापुरतं ते चालू ठेवलेलं असतं. दुकानात पोरं म्हणतात, ‘नेट हाय, खरं चालत नाही.’ इतकं नेमकं वर्णन मला दुसरं सुचत नाही.

रील्स

बघतात. मीही बघतो. पण पॅक विकताना कुणी विचारलं नाही की यात काय बघणार, मग संपल्यावर का विचारता? आणि सगळा डेटा रील्सवर जातो हेही खरं नाही. फोनमधली ॲप आपोआप अपडेट होतात, ग्रुपवरचे व्हिडिओ न उघडताच उतरतात. दुकानात मी रोज दोन-तीन फोनचं ऑटो डाउनलोड बंद करून देतो. शिवाय आता कामच नेटवर आहे. रोजगार हमीच्या कामावर हजेरी ॲपवर घेतात, फोटो चढला नाही तर बायकांची हजेरी अडकते. अंगणवाडीच्या बाईंना पोरांची नोंद ॲपवर करावी लागते. यातला किती डेटा कुणाच्या हौसेचा, सांगा.

जंगलात राहून रेंज मागणं

इथं मात्र माझा आवाज चढतो.

खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग सह्याद्रीत आहे. कणकुंबीचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, भीमगडचं अभयारण्यही. डोंगर आहेत, झाडी आहे, वस्ती विरळ आहे, टॉवर उभारणं खर्चाचं आहे, हे मान्य. पण त्या खर्चासाठी पैसा वेगळा काढून ठेवायची सोय या देशात वीस वर्षांहून जास्त काळ आहे. टेलिकॉम कंपन्या महसुलावर जी लायसन्स फी भरतात, तिच्यातला महसुलाच्या पाच टक्के इतका भाग खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठीच्या निधीत जातो. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी. कंपनीचा महसूल म्हणजे आपले रिचार्ज. मावशीच्या तीनशे रुपयांतूनही काही रुपये त्या निधीत पडतात. 2022 च्या जुलैमध्ये केंद्रानं 24,680 गावांत फोरजी पोचवायची योजना मंजूर केली, तीही याच कारणासाठी. मग जंगलातल्या माणसानं रेंज मागितली तर तो भीक मागत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याच्या गावी वीज गेली आणि त्यापाठोपाठ टॉवरही बसला. असं होतंच, बॅटरी काही तास पुरते, मग डिझेल आणून जनरेटर लावायला कुणी नसतं. चार दिवस गाव मुकं. आत्याला धाप लागते. पाचव्या दिवशी आतेभाऊ मोटरसायकलनं भर पावसात खानापूरला आला, औषध नेलं, आणि जाताना म्हणाला, ‘फोन लागला असता तर तू एसटीत दिलं असतंस.’ त्या चार दिवसांचे पैसे कुणी परत दिले नाहीत. ट्रायचा 2024 चा नियम आहे की सेवा 24 तासांच्या वर बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यायची, प्रीपेडवाल्याला वैधता वाढवून. पण त्या नियमाचं माप जिल्ह्याचं आहे. अख्ख्या बेळगाव जिल्ह्याची सेवा बंद पडली तर भरपाई, एका गावाचा टॉवर आठवडाभर बंद असला तर काही नाही. नियम बदलायचा तर आधी हे बदलायला हवं.

रेडिएशनच्या भीतीनं लोकच टॉवर होऊ देत नाहीत, अशीही एक ओळ त्या मेसेजमध्ये घुसडली आहे. शहरात कुठं कुठं तसं घडलंही असेल. आमच्या डोंगरातल्या गावांत लोक टॉवरसाठी जागा दाखवायला तयार आहेत.

पटत नसेल तर पोर्ट करा

पोर्टिंग देशभर 2011 पासून आहे आणि बेळगाव शहरात त्याचा उपयोगही होतो. 1900 ला एसएमएस करायचा, कोड येतो, चार दिवसांच्या आत दुसऱ्या कंपनीकडे जायचं. पण ज्या गावात एकाच कंपनीचा टॉवर आहे तिथल्या माणसानं कुठं पोर्ट व्हायचं? उरलेला पॅकही पोर्ट करताना बुडतो. काहींनी यावर सीमेवरचा उपाय शोधलाय: चंदगडकडच्या नात्यातल्या माणसाकरवी पलीकडचं महाराष्ट्र सर्कलचं (कंपन्यांच्या सेवेच्या विभागाला सर्कल म्हणतात) सिम आणायचं. कस्टमर केअरवर मराठीत तरी बोलता येईल ही आशा. पण गावच्या टॉवरची तक्रार केली की उत्तर मिळतं, तुम्ही आमच्या सर्कलमध्ये नाही.

नीट बोललं की काम होतं

आत्याच्या गावच्या टॉवरसाठी मी स्वतः फोन लावला होता. मेनूत कन्नड, हिंदी, इंग्रजी. मला तिन्ही येतात, आत्याला एकही नाही. माझ्या शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराचाही अनुभव वेगळा नाही, त्यामुळे हा नुसता भाषेचा प्रश्न नव्हे. बावीस मिनिटांनी माणूस लाइनवर आला. मी अतिशय नीट बोललो. गावाचं नाव सांगितलं, टॉवर कुठं आहे ते सांगितलं. तो म्हणाला, सिम काढून परत घाला. मी सांगितलं, साहेब, पूर्ण गावात कुणालाच रेंज नाही. तो म्हणाला, हँडसेट रीस्टार्ट करा. मग म्हणाला, 48 तास थांबा. तक्रार आत्याच्या नंबरवर नोंदवली होती. तीन दिवसांनी ती बाजाराला खानापूरला आली, स्टँडवर उतरल्याबरोबर फोन वाजला. मेसेज होता: तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. गावात रेंज नव्हती म्हणून तो मेसेज गावात पोचलाच नव्हता. तिनं मला तो वाचायला दिला आणि विचारलं, ‘म्हणजे आता लागंल काय रे फोन?’ मला उत्तर देता आलं नाही.

त्या फोनवरच्या पोराला मी दोष देत नाही, त्याच्यापुढं लिहून ठेवलेलं तो वाचतो. दोष तक्रार न सोडवता बंद करणाऱ्या पद्धतीचा आहे.

म्हणून ‘तक्रार करून काय होणार’ असं म्हणणाऱ्यांना काही गोष्टी सांगायच्या आहेत. 198 हा तक्रारीचा नंबर फुकट आहे. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, कंपनीला द्यावाच लागतो, तो लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, फी नाही, आणि त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यानंही भागलं नाही तर ग्राहक आयोग. टेलिकॉमचे वाद ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगायच्या, पण 2022 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते चालतात असा निकाल दिला. आयोग बेळगावात आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. आधी विचारपूस करायची तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आत्याच्या गावचं अपील मी लिहिलंय. त्याखाली गावातल्या एकतीस जणांचे नंबर आहेत, प्रत्येकाच्या रिचार्जची तारीख आणि बंद पडलेले दिवस. तुमच्या गावातही असं झालं असेल तर डॉकेट नंबर आणि रिचार्जचा मेसेज घेऊन दुकानात या. अर्ज मी लिहून देतो. झेरॉक्सचे पैसेही घेणार नाही.