दोन गेटवे टाकल्यानं नेट दुप्पट होत नाही, राजेहो

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. मथळा: 'लिनक्सवाल्यांनो, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही!' खाली सहा फर्मानं. दोन कनेक्शनचे दोन डिफॉल्ट गेटवे (नेटकडे जायची ठरलेली दारं) टाका, स्पीड दुप्पट. आरपी फिल्टर शून्य करा. एमटीयू ९००० करा. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ८.८.८.८ लिहून फाइलला कुलूप लावा. आयपीव्ही६ बंद करा. आणि तरीही नाही जमलं तर 'आयपीटेबल्स माइनस एफ' मारून फायरवॉल साफ करा. हे सगळं आरसी डॉट लोकल या मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत कोंबा, म्हणजे कायमचं काम.

आमच्या नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कातली मंडळी असल्या मेसेजवर हसून पुढे जातात. पण काल तो सक्करदऱ्याच्या आमच्या आतेभावाकडे पोचला. त्याचं डीटीपीचं दुकान, एकच उबंटूची मशीन, गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली तिच्यावर. 'भाऊ, करून टाकू का?' नको करू, बावा. का नको ते खाली लिहितो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

दोन गेटवेचं फर्मान सगळ्यांत लाडकं आणि सगळ्यांत अडाणी, म्हणून आधी तेच. फायबरचे ५०, डोंगलचे ५०, मिळून १०० एमबीपीएस, असा हिशेब. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हा हिशेब माहीत नाही. दोन डिफॉल्ट रूट (वाटा) असले की ज्याचा मेट्रिक, म्हणजे पसंतीचा आकडा, लहान, त्याच वाटेनं सगळं जातं आणि दुसरा रूट नुसता बसून राहतो. डोंगल लावून 'आयपी रूट शो' चालवा, साधारण असं दिसेल:

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह ईएनपी३एस० मेट्रिक १००
डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.८.१ डेव्ह यूएसबी० मेट्रिक १०१

नेटवर्कमॅनेजर, म्हणजे कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्राम, केबलला १०० देतो, वायफायला ६००. बरेच डोंगल मशीनला केबलसारखेच दिसतात, म्हणून त्यांना १०१. या १०१ वाल्या ओळीतून ब्राउझरचं एक पॅकेटही जात नाही. पटत नसेल तर 'आयपी रूट गेट ८.८.८.८' टाका. 'डेव्ह'पुढे जे नाव येईल तीच वाट. नाहीतर मोठं डाउनलोड लावा आणि 'आयपी माइनस एस लिंक' दोनदा चालवून यूएसबी०चे आरएक्स, म्हणजे आलेले, बाइट्स बघा. जवळपास हलतच नाहीत. हट्टानं दोन्ही रूट एकाच मेट्रिकनं टाकायला गेलात तर दुसऱ्याला कर्नल दारातच अडवतो: 'फाइल एक्झिस्ट्स'. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क मांडणीच्या, फाइलीत लिहिलेत तर तोही 'कॉन्फ्लिक्टिंग डिफॉल्ट रूट' म्हणून बोंबलतो.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मल्टिपाथ, मल्टिपाथ करत येईल. एकाच डिफॉल्ट रूटला दोन 'नेक्स्टहॉप', म्हणजे दोन गेटवे, देता येतात आणि तेव्हा कर्नल खरोखर दोन्ही लिंक वापरतो. पण वाटणी होते ती कनेक्शनची. एक टीसीपी कनेक्शन दोन्ही टोकांच्या पत्त्यांना आणि पोर्टांना बांधलेलं असतं. अर्धं फायबरच्या पत्त्यावरून आणि अर्धं डोंगलच्या पत्त्यावरून आलेलं समोरचा सर्व्हर एक कनेक्शन म्हणून ओळखणारच नाही. म्हणजे एक मोठी फाइल उतरवताना ५० मिळतील ते ५०च. दहा जणांच्या ऑफिसात एकूण भार वाटला जाईल, एवढंच.

तिथेही खोच आहे. वाटणी कशावरून करायची हे कर्नलची 'फिब मल्टिपाथ हॅश पॉलिसी' ही सेटिंग ठरवते. कर्नलसोबत येणाऱ्या 'आयपी सिस्सीटीएल' या दस्तऐवजात ते स्पष्ट लिहिलंय: ० म्हणजे फक्त पत्त्यांवरून, १ म्हणजे पोर्टही धरून. १ केलंत की एकाच बँकेच्या साइटची दोन कनेक्शनं दोन वेगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरून जाऊ शकतात आणि बँक तुम्हाला लॉगआउट करू शकते. हा दस्तऐवज वाचायला कंटाळवाणा आहे, पण या मेसेजचा अर्धा भाग तो एकटाच निकालात काढतो.

'बॅकअप तर मिळेल ना?' मिळेल, पण मेसेजवाल्याला वाटतं तसा नाही. मशीनमागची केबल निघाली तर १००चा रूट जातो आणि १०१ कामाला लागतो. पण रस्ता खोदताना जेसीबीनं फायबर तोडली तर तुमची मशीन आणि राउटर यांच्यातली केबल शाबूतच असते. दिवा हिरवा, मेट्रिक १००, आणि नेट मेलेलं. नेटवर्कमॅनेजरची कनेक्टिव्हिटी तपासणी चालू असेल तर तो अशा मेलेल्या लिंकच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो आणि डोंगल पुढे येतो. ती बंद असेल तर तुम्ही राउटरकडे बघत बसाल.

लावण्याआधी आणखी एक बघा: राउटर आणि डोंगल दोघंही १९२.१६८.१.१ तर नाहीत ना? असतील तर दोन इंटरफेसवर (जोडण्यांवर) एकच सबनेट, म्हणजे पत्त्यांचा एकच गट, येतं आणि गेटवेकडे जाणारं पॅकेट नेमकं कुणाच्या दारात गेलं ते कळेनासं होतं. आधी डोंगलच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं सबनेट बदला.

दोन लिंक नीट चालवायच्या असतील तर दुसरीला स्वतःचं टेबल, म्हणजे वाटांची वेगळी यादी, द्या. डोंगलवर तुमचा पत्ता १९२.१६८.८.१०० असेल तर:

आयपी रूट ॲड १९२.१६८.८.०/२४ डेव्ह यूएसबी० टेबल १०२
आयपी रूट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.८.१ डेव्ह यूएसबी० टेबल १०२
आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.८.१०० टेबल १०२

आता डोंगलवरून आलेल्या विनंतीचं उत्तर डोंगलवरूनच जातं. हा नियम नसेल तर उत्तर फायबरनं निघतं आणि समोरच्याला ते भलत्याच पत्त्यावरून आलेलं दिसतं. 'आयपी रूल शो' केलं की नवा नियम ३२७६६ क्रमांकाच्या मेन टेबलाच्या वर दिसला पाहिजे. जुन्या 'रूट माइनस एन'वर यातलं काहीच दिसत नाही, तो फक्त मेन टेबल दाखवतो. तशीच जुनी 'आयएफकॉन्फिग' कमांड तर उबंटू सर्व्हरवर १८.०४ पासून आपोआप येतच नाही.

याच विषयाला लागून आरपी फिल्टर. आलेल्या पॅकेटच्या पत्त्याकडे परतीची वाट त्याच इंटरफेसवरून आहे का, हे तो तपासतो. १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल, ० म्हणजे तपासणीच नाही. मेसेज सांगतो, 'ऑल'मध्ये ० लिहा. तोच दस्तऐवज सांगतो की 'ऑल' आणि त्या इंटरफेसचा, या दोन आकड्यांतला मोठा लागू होतो. म्हणजे इंटरफेसवर १ असेल तर तुमच्या शून्यानं काडीचा फरक पडत नाही. सल्ला चुकीचा, आणि वर तो चालतही नाही! वाटा तिरप्या असतील, म्हणजे पॅकेट एका लिंकनं येऊन उत्तर दुसरीनं जात असेल, तर २ ठेवा, दस्तऐवजाची शिफारसही तीच आहे. पॅकेटं इथेच गळतायत का ते बघायला 'एनस्टॅट माइनस एझेड' मध्ये 'आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर'चा आकडा वाढतो का बघा.

एमटीयू ९०००: एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी. फायबरवर पीपीपीओई (आयएसपीची लॉगिन करून जोडायची पद्धत) असेल तर त्याचे ८ बाइट जाऊन १५०० मधले १४९२ उरतात, आणि हे ९००० करायला निघालेत. मेसेज जितक्या निष्ठेनं पाळाल तितका त्रास जास्त. एकाच मशीनवर केलंत तर टीसीपी बऱ्याचदा सांभाळून घेतं. दुकानातल्या दोन्ही मशीनवर केलंत आणि मधला स्विच जम्बो फ्रेमवाला, म्हणजे एवढी मोठी पॅकेटं घेणारा, नसला, तर पिंग चालतं, शेअर केलेला फोल्डर उघडायला लागतो आणि फाइल कॉपी जागच्या जागी थिजते. एररही येत नाही. खरी मर्यादा बघायची तर 'पिंग माइनस एम डू माइनस एस १४७२' पाठवा. त्यात २८ मिळवले की १५०० होतात. पीपीपीओईवर १४६४ पर्यंतच जाईल.

नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर कोणता, हे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये असतं. ती उबंटूवर फाइल नसून रन फोल्डरातल्या फाइलीची लिंक आहे, त्यामुळे 'चॅटर' कमांडचं कुलूप तिला लागत नाही. मग लोक लिंक उडवून खरी फाइल बनवतात, तिला कुलूप ठोकतात आणि व्हीपीएन जोडल्यावर ऑफिसचा सर्व्हर नावानं काहून सापडत नाही म्हणून विचारत फिरतात. डीएनएस बदलायचाच तर नेटवर्कमॅनेजरच्या त्या कनेक्शनमध्ये बदला.

आयपीव्ही६चं, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचं, एवढं मान्य: आयएसपीनं ते अर्धवट लावलं असेल तर काही प्रोग्राम आधी त्याच्यावर अडखळतात. त्यासाठी 'गाय डॉट कॉन्फ' (जीएआय) या सेटिंगच्या फाइलीत आयपीव्ही४ला पसंती देणारी ओळ आधीच असते, तिच्यापुढचं हॅश काढलं की झालं.

सहावं फर्मान मात्र हसण्यासारखं नाही. 'माइनस एफ' नियम पुसतो, पण साखळीची (नियमांच्या यादीची) पॉलिसी, म्हणजे कुठलाच नियम लागला नाही तर काय करायचं ते, तशीच ठेवतो. सर्व्हर लांब असेल आणि इनपुटची पॉलिसी ड्रॉप (आलेलं टाकून द्या) असेल, तर एंटर दाबताक्षणी तुमचं एसएसएच, म्हणजे लांबून केलेलं लॉगिन, थिजेल आणि मशीनसमोर जाऊन बसावं लागेल. पॉलिसी ॲक्सेप्ट असेल तर उलटं: सगळी दारं सताड उघडी. मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) असेल तर त्याचेही नियम जातात आणि कंटेनरांचं नेटवर्क बिघडतं. लांबच्या मशीनवर नेटवर्क बदलायचंच असेल तर 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुनी मांडणी परत आणतो.

ज्यांनी हे सगळं आधीच करून टाकलंय, त्यांनी आधी आरसी डॉट लोकलमधल्या त्या ओळी काढा. तशाही त्या फक्त सुरू होताना एकदा चालतात, केबल काढून लावली की त्यांनी टाकलेले रूट गायब. मग 'चॅटर माइनस आय'नं कुलूप उघडा, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ काढून तिथे रनमधल्या 'स्टब रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'ची लिंक पुन्हा जोडा, एमटीयूची ओळ पुसा, रीबूट करा. त्यानंतर 'आयपी रूट शो'चं जे काही येईल त्याचा फोटो मला पाठवा, मेसेज नको.