कान उघडे, डबी कोरडी

सकाळी मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर मला पळताना बघणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला: "हे कानावर काय लटकवलंय? आणि कुठलं घेऊ?" इनबॉक्समध्ये तेच, लग्नात तेच, परवा तर रेशनच्या रांगेतही तेच. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हे सगळं मालवणातून लिहितेय, पुण्यातून नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

यूट्यूबवर या इयरबड्सचे रिव्ह्यू करणारी बहुतेक पोरं एसीच्या खोलीत बसून बोलतात. बेस किती, ट्रेबल किती, ॲपमध्ये काय काय आहे. आपल्याकडे कपाटातल्या सुईला गंज चढतो, कपाळावर घाम नाही असा महिना शोधावा लागतो आणि वाऱ्यात मीठ असतं. माझं सरळ मत आहे: किनारपट्टीवर राहणाऱ्याने ओपन-इयरच घ्यावेत, आणि घेताना आवाज सगळ्यात शेवटी बघावा. आधी घामाचं बघा, मग ते आपल्या कानावर बसतात का ते, मग वाळूचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपन-इयर म्हणजे कानाच्या भोकात काही न कोंबता ऐकायची सोय. तीन तऱ्हा आहेत. एक, मानेमागून जाणारा पट्टा, जो कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतो आणि हाडातूनच कंप आतल्या कानापर्यंत पोचवतो. पडद्याला वळसा घालून. दुसरी, कानामागून आकडा आणि भोकाच्या तोंडाशी छोटा स्पीकर. तिसरी, कानाच्या पाळीच्या कडेला चिमट्यासारखी बसणारी क्लिप. सोनीने २०२२ मध्ये मधोमध भोक असलेले लिंकबड्स काढले होते, ते यांच्यातलंच चौथं भावंड म्हणा.

भोक मोकळं राहण्याचं महत्त्व कानाच्या डॉक्टरांना विचारा. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे कानात खाज, दडा, मग ठणका अशा तक्रारी घेऊन माणसं रांग लावतात. कानाच्या नळीत बुरशी धरते. उबदार, ओलसर, हवा न खेळणारी जागा तिला हवीच असते. आता त्यात रबरी बुच घट्ट बसवा, तासभर पळा, घाम गाळा आणि वरून आजीच्या सल्ल्याने कोमट खोबरेल सोडा. (तेलावरून आमच्या घरात वाद आहे. डॉक्टर नको म्हणतात, आई ऐकत नाही.) उघडे इयरबड्स घेतले म्हणजे कानाचे विकार होणारच नाहीत असं अजिबात नाही, पण वारा लागायची वाट तरी मोकळी राहते.

दुसरं कारण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासे धरायचं मोठं जाळं. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम लागला की सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं दोन्ही टोकांना रांगा करून उभी असतात आणि पाण्यातून आलेला दोर वाळूवर आडवा ताणलेला असतो. घोट्याच्या उंचीवर, ओला, वाळूच्याच रंगाचा. लांबून दिसत नाही. ओढ बसली की तो एकदम हातभर वर उचलला जातो. तिथे कुणीतरी ओरडतोच, "गो बाय, दोर बघ!" हे ऐकू आलंच पाहिजे. बुचवाले इयरबड्स घालून आलेला एक पाहुणा पोरगा त्या दोरावर असा काही आपटला की रापणवाल्यांनी ओढायचं थांबवून आधी त्याला उठवला, मग सगळ्यांनी मिळून झापला. रस्त्यावर पळायचं म्हटलं तर वळणावर डंपर, पर्यटकांच्या गाड्या आणि कुत्री. नॉइज कॅन्सलिंगची जाहिरात वाचून मला हसू येतं. बाबा रे, इथे नॉइजच जीव वाचवतो.

आता घाम. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दुकानदार हे सांगत नाही.

खोक्यावर आयपी म्हणून आकडा असतो. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स ४ म्हणजे चारही बाजूंनी शिंतोडे उडाले तर चालतं, आणि पहिल्या अंकाच्या जागी एक्स म्हणजे धुळीबद्दल कंपनी काहीच सांगत नाही. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि शिंतोडे. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणारच नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. किनाऱ्यावर पळणाऱ्याने पहिला अंक बघायलाच हवा, कारण बारीक वाळू स्पीकरच्या जाळीत जाऊन बसते आणि आवाज एका बाजूने बारीक होत जातो. गंमत बघा: बोसचे क्लिपवाले अल्ट्रा ओपन भारतात आले तेव्हा २५,९०० रुपयांचे होते आणि त्यांचं रेटिंग आयपीएक्स ४. नथिंगचे इअर ओपन १७,९९९ ला आले, आयपी ५४. हाडावरून ऐकवणारा शॉक्झचा ओपनरन पट्टा आयपी ६७. दर आणि दणकटपणा यांची सांगड बाजारात आपोआप बसत नाही.

पण हे आकडे गोड्या पाण्याचे आहेत. घामात मीठ असतं, आपल्या हवेत आणखी मीठ असतं, आणि त्या चाचणीत मिठाचा हिशेब धरलेला नसतो. खरा घात होतो तो बड चार्ज करायच्या डबीत. इयरबडच्या पोटाशी दोन-तीन सोनेरी टिकल्या असतात, डबीत तशाच उभ्या पिना. घामाने ओला बड तुम्ही घाईत डबीत टाकून झाकण लावलंत की त्या टिकल्यांमध्ये खारं पाणी, आणि डबीतून वीज चालू. धातू खायला याहून चांगली सोय नाही. थोड्याच दिवसांत टिकल्यांवर हिरवट थर चढतो, मग एक बड चार्ज होतो, एक होत नाही, आणि आपण म्हणतो "बॅटरी गेली". बॅटरी ठणठणीत असते. माझ्या एका मैत्रिणीचे असेच गेले. सर्व्हिस सेंटरला पाठवले तर "लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही" असं उत्तर आलं. खोक्यावर घामात चालतात असं छापलेलं असताना! कंपनीचं नाव घेत नाही, कारण बहुतेकांच्या वॉरंटीत बारीक अक्षरांत हेच असतं. आणि डबीला स्वतःला बऱ्याचदा पाण्याचं रेटिंगच नसतं, हेही बारीक अक्षरांतच.

तेव्हा घरी आल्यावर आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बड पुसा, मग कोरड्याने, पंख्याखाली थोडा वेळ ठेवा, आणि मगच डबीत. डबीतल्या पिना अधूनमधून कोरड्या कापसाच्या काडीने. जूनपासून मी डबी एका बरणीत ठेवते, बुटांच्या खोक्यातून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. घरचे हसतात, हसू देत.

डबी हवीच का, हाही प्रश्न आहे. पट्ट्याच्या प्रकारात डबी नाही, त्यामुळे एक बड वाळूत हरवायची भानगडही नाही. पण पावसाळ्यात वादळाने लाईट गेली की डबीवाले दोन-तीन दिवस आरामात निभावतात, पट्टा एका चार्जमध्ये आठेक तास चालतो आणि गप्प बसतो. शिवाय काही पट्ट्यांना स्वतःची वेगळी चुंबकाची वायर लागते. ती हरवली तर मालवणच्या बाजारात मिळायची नाही. यूएसबी-सी असेल तरच घ्या.

कानावर बसण्याचं म्हणाल तर इथे दुसऱ्याचा सल्ला उपयोगी नाही. चष्मा असेल तर आकड्याची आणि चष्म्याच्या काडीची एकाच जागेसाठी मारामारी होते. माझी होते, म्हणून जाड काडीची फ्रेम बदलून मी बारीक तारेची घेतली. सोबत चालायला येणाऱ्या मावशी वर बुगडी आणि खाली कुडी घालतात. त्यांना आकडा जमेना, क्लिप मात्र दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत अशी बसली की त्या आता ती दागिन्यासारखी मिरवतात. पण ज्यांच्या कानाची कूर्चा जाड आहे त्यांना क्लिप दोन तासांत दुखायला लागते. जिममध्ये बेंचवर उताणं झोपून वजन उचलणाऱ्यांना मानेमागचा पट्टा टोचतो, वर सरकतो. आणि स्कूटरवर हेल्मेट काढताना आकडेवाले बड हमखास ओढले जातात. तसंही गाडीवर कानात काही नकोच, उघडं असो की बंद.

आवाजाबद्दल खोटं सांगत नाही. बेस कमी असतो. खर्जाच्या लाटांना कोंडलेली हवा लागते. कान उघडा राहिला की त्या बाहेर पसरून विरून जातात. म्हणून कंपन्या यात मोठे स्पीकर घालतात, तरी बुचवाल्यांची सर येत नाही. मी पळताना डबलबारी, म्हणजे दोन बुवांची भजनातली जुगलबंदी, ऐकते (हो, पळताना, वेग आपोआप येतो). बुवांचा शब्दन् शब्द स्वच्छ, चकवा (साथीचं वाद्य) खणखणीत, पण पखवाजाच्या धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, दम अर्धा. पट्ट्याच्या प्रकारात तर धुमेवर गालाला गुदगुल्या होतात. पॉडकास्ट, बातम्या, फोनवरचं बोलणं मात्र उत्तम. ज्यांना गाण्याचा बेस छातीत घुमायला हवा, त्यांनी हे घेऊन नंतर मला शिव्या घालू नयेत.

रोजच्या वापराला खरी मजा स्वयंपाकघरात. आई आता दुपारी भजनं लावून कामं करते. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, दारावर "सुंगटा हाडलंय, होयी काय गो?" (कोळंबी आणलीय, हवी का?) अशी हाक आली की ती थेट उत्तर देते, भजन चालूच. आधीच्या बुचवाल्यांनी तिचं डोकं उठायचं, स्वतःचाच आवाज आत घुमायचा. त्यामुळे ते ड्रॉवरमध्येच पडून राहिले.

पण प्रवासाला यांचा उपयोग शून्य, आणि इथे लोक एक मोठी गल्लत करतात. "कानात घालायचं नाही म्हणजे कानाला सुरक्षित" असं नसतं. एसटीच्या खडखडाटात किंवा कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की बाहेरचा सगळा आवाज आत येतो आणि तुम्ही व्हॉल्यूम चढवत जाता. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले आणि वेळ दहापट घटला. हाडातून ऐका की हवेतून, शेवटी आतला शंख तोच. प्रवासासाठी साधे बुचवाले, कमी व्हॉल्यूमवर. जिममध्ये मालकाने भिंतीवरचा स्पीकर फोडायचा चंग बांधला असेल तर तिथेही यांचं काही चालत नाही. आणि शांत ऑफिसात शेजारच्याला तुमची गाणी थोडी थोडी ऐकू जातात, हेही ध्यानात ठेवा.

किती खर्च करावा? माझं मत, पहिल्यांदा घेताय तर दोन-तीन हजारांतले कानामागच्या आकड्याचे घ्या, आयपीत पहिल्या अंकाच्या जागी एक्स नसलेले. खारी हवा महागड्यालाही सोडत नाही आणि दुरुस्तीला पाठवायचं तर आपल्याला कुरिअरच करावं लागतं. सवय लागली, आवडलं, की मग वरचे बघा. ऑनलाइन मागवत असाल तर परत घेतात का ते आधी वाचा. कानाच्या वस्तू उघडल्यावर बरेच विक्रेते परत घेत नाहीत. शक्य असेल तर कुणाचे तरी मागून अर्धा तास घालून बघा. माझे मिळतील, पुसून परत करायच्या अटीवर.

राहिलं पोहणं. डिसेंबरातल्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्रात पोहायच्या स्पर्धेची तयारी करणारे दोघं-तिघं विचारत होते. ब्लूटूथ पाण्यात हातभरही नीट जात नाही, म्हणून पोहायच्या पट्ट्यांमध्ये गाणी आतच साठवायची सोय असते. शॉक्झचा ओपनस्विम तसाच आहे. तरणतलावात हौस म्हणून ठीक आहे. समुद्रात मात्र नको, माझ्या लेखी तरी. डोकं पाण्यात असताना येणाऱ्या होडीचं इंजिन आधी कानालाच कळतं, आणि तिथे डबलबारी चालू असून उपयोग नाही. किनाऱ्यावर चालू असू दे. चांगली रेकॉर्डिंग्ज कुणाकडे असतील तर पाठवा, माझ्याकडची सगळी पाठ झाली आहेत.